रक्तगट तपासताना ओ पेशींची नळी वगळू नका: बॉम्बे गट पकडायचा कसा

लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात आणि ए, बी, ओ गट त्यांच्या टोकावरून ठरतो. टोकाला फ्युकोज ही शर्करा बसली की एच प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला ओळखून चिकटतं ती खूण) तयार होतो. त्या एचवर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन चढलं तर ए, गॅलॅक्टोज चढलं तर बी, काहीच चढलं नाही तर ओ. म्हणजे ओ गटाची पेशी रिकामी नसते. उलट एच सगळ्यात जास्त तिच्यावरच असतो.

१९५२ साली मुंबईत भेंडे, देशपांडे, भाटिया आणि सहकाऱ्यांनी ज्या रक्ताची नोंद केली, त्यातल्या पेशींवर एचसुद्धा नव्हता. हाच बॉम्बे गट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. अशा माणसाच्या रक्तात अँटी-एच, म्हणजे एचविरुद्धचं प्रतिपिंड, असतं, ते ३७ अंशांवरही काम करतं आणि बाहेरून आलेल्या ओ पेशी रक्तवाहिनीतच फोडतं. नुसत्या अँटी-ए, अँटी-बीने तपासलं तर हा माणूस ओ दिसतो. चूक जीवघेणी आहे आणि ती टाळायला एक नळी पुरते.

सँपल ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) बल्बमध्ये घ्या. पेशी ०.९ टक्के सलाईनने तीनदा धुवा आणि ५ टक्क्यांचं सस्पेन्शन करा: ५० मायक्रोलिटर दाबून बसलेल्या पेशी, ९५० मायक्रोलिटर सलाईन. सस्पेन्शन दाट झालं तर प्रतिपिंडं अपुरी पडतात आणि कमकुवत प्रतिक्रिया दिसतच नाही. पातळ झालं तर वाचायला पेशीच उरत नाहीत.

फॉरवर्डसाठी (रुग्णाच्या पेशींवरचे प्रतिजन पाहायला) तीन नळ्यांत अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी आणि रिव्हर्ससाठी (त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं पाहायला) तीन नळ्यांत रुग्णाचा प्लाझ्मा किंवा सीरम, प्रत्येकी दोन थेंब. सातवी नळी ऑटो कंट्रोलची: रुग्णाचाच प्लाझ्मा आणि त्याच्याच पेशी. आधी द्रव, मग पेशी, हा क्रम मोडू नका. एखाद्या नळीत अँटीसेरा (अँटी-ए वगैरे प्रतिपिंडांचा द्रव) टाकायचा राहिला असेल तर पेशी टाकण्याआधीच डोळ्यांना कळतं. मग पेशींचा एकेक थेंब: फॉरवर्डमध्ये रुग्णाच्या, रिव्हर्समध्ये माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी. १००० आरपीएमवर एक मिनिट फिरवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर नळी धरून तळाची गोळी अगदी हलक्या हाताने तिरकी करत सोडवा. झटके दिले की कमकुवत गुठळ्या तुटतात आणि ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. गोळी अख्खी राहिली तर ४+, सुटून एकसारखं गुलाबी झालं तर शून्य.

वरचा द्रव लाल झाला असेल तर ते हिमोलिसिस (पेशी फुटणं), म्हणजे पॉझिटिव्हच. गुठळी नाही म्हणून निगेटिव्ह लिहिणं ही गंभीर चूक आहे. मात्र ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून प्लाझ्मात कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) चालत नाही आणि हिमोलिसिस दिसत नाही. अँटी-एच हिमोलिसिस करतं का हे पाहायचं असेल तर ताजं सीरम लागेल.

आता वाचन. फॉरवर्डमध्ये ए, बी दोन्ही शून्य आणि रिव्हर्समध्ये ए, बी ४+, ओ शून्य, तर ओ गट. पण ओ पेशींच्या नळीतही ४+ आलं आणि ऑटो कंट्रोल शून्य राहिला, तर बॉम्बेचा संशय घ्या. रुग्णाच्या पेशी अँटी-एच लेक्टिनशी तपासा. हे लेक्टिन, म्हणजे एचला चिकटणारं प्रथिन, युलेक्स युरोपियस या झुडपाच्या बियांतून मिळतं. नेहमीचा ओ इथे जोरदार गोळी देतो, बॉम्बे शून्य. लेक्टिन जोरात आलं तर माणूस ओच आहे आणि त्याच्या रक्तात दुसरं कुठलं तरी प्रतिपिंड आहे, ते शोधा. ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह असेल तर थंडीत काम करणारं स्वप्रतिपिंड किंवा रूलो (नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या पेशी) असू शकतं: पहिल्यासाठी ३७ अंशांवर पुन्हा करा, दुसऱ्यासाठी प्लाझ्मा काढून त्याजागी सलाईन टाका, रूलो सुटून जातो.

ए-बीविरोधी प्रतिपिंडं रक्त न चढवताही असतात, कारण आतड्यातल्या जिवाणूंच्या पृष्ठभागावर याच धर्तीच्या शर्करा आहेत. १९५९ मध्ये स्प्रिंगर यांच्या गटाने दाखवलं की जंतुमुक्त वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांत अँटी-बी नेहमीसारखं तयार होत नाही. म्हणूनच चार-सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रिव्हर्सवर विसंबू नका. त्यात असलेली प्रतिपिंडं बहुतेक आईची असतात.

जिवाणू पेशीचा पृष्ठभाग बदलूनही घोळ घालतात. आतड्याच्या गंभीर आजारात जिवाणूंचं एन्झाइम ए शर्करेतला ॲसिटिल गट काढून टाकतं, ती गॅलॅक्टोजसारखी दिसू लागते आणि ए गटाच्या रुग्णाची पेशी अँटी-बीशी कमजोर गुठळी देते. फॉरवर्डमध्ये एबी, पण प्लाझ्मात अँटी-बी हजर: असं दिसलं की एबीची पिशवी देऊ नका.

प्रतिजन-प्रतिपिंड जुळूनही गुठळी होत नाही, तेव्हा कारण बहुधा विद्युतभारात असतं. सियालिक आम्लामुळे लाल पेशींवर ऋणभार असतो आणि त्या एकमेकींना दूर ठेवतात. आयजीएम प्रकारचं प्रतिपिंड मोठं, ते हे अंतर ओलांडून दोन पेशी बांधतं. आयजीजी सहसा पोहोचत नाही. पेशीला चिकटतं, पण गुठळी होत नाही. यासाठीच १९४५ पासून कूम्ब्स चाचणी आहे: चिकटलेल्या आयजीजीला जोडणारं प्रतिपिंड (कूम्ब्स सीरम) टाकून गुठळी घडवायची. वीक डी (पेशीवर कमी असलेला डी प्रतिजन) पाहताना पेशी आणि अँटी-डी ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, तीनदा धुवा, शेवटचं सलाईन पूर्ण निथळा आणि लगेच कूम्ब्स सीरमचे दोन थेंब टाका. धुणं अपुरं राहिलं तर उरलेलं ग्लोब्युलिन कूम्ब्स सीरमला निकामी करतं. खोट्या निगेटिव्हचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह नळीत आयजीजी चिकटवलेल्या चेक सेल्स टाकाच. त्यांनी गुठळी दिली नाही तर चाचणी बाद, पहिल्यापासून करा.

बॉम्बे पक्का झाला तर फक्त बॉम्बे रक्त, तेही क्रॉसमॅच करून (दात्याच्या पेशी रुग्णाच्या प्लाझ्माशी जुळवून). गट अप्रभावी जनुकाने येतो, त्यामुळे सख्ख्या भावंडाचा तोच गट असण्याची शक्यता साधारण चारात एक. त्यांचं सँपल आधी मागवा. रक्तदात्यांच्या तपासणीतही ओ पेशींची नळी ठेवा, नाहीतर हा दुर्मीळ दाता ओच्या रॅकमध्ये हरवतो.