वर्ल्ड एक्स्पोतल्या भारताच्या पॅव्हेलियनसाठी विधिमंडळात ठराव आणायचा आहे? मग असं करा

पहिले एक गोष्ट डोक्यातून काढून टाका भाऊ, की आपलं विधिमंडळ त्या पॅव्हेलियनला "मान्यता" देऊ शकते. नाही देऊ शकत. एक्स्पोला मान्यता देते पॅरिसचं बीआयई, म्हणजे अशा जागतिक प्रदर्शनांवर देखरेख ठेवणारी, १९२८ च्या करारावर चालणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आणि परराष्ट्र व्यवहार हा विषयच केंद्राच्या सूचीत आहे त्यामुळे तिथं जायचं की नाही हे दिल्ली ठरवते. अमेरिका २००१ मध्ये बीआयईतून बाहेर पडली होती, परत घुसायला २०१७ मध्ये तिच्या संसदेनं त्यासाठी कायदा केला. आपल्याला कायदा नको, फक्त अभिनंदनाचा ठराव पाहिजे. त्याला कायद्याचं बळ नसते पण सभागृहाच्या कार्यवाहीत तो कायमचा राहते, आणि बरेच लोक नेमकं हेच विसरून कायदा-कायदा करत बसतात.

आता आमदार पकडा. अधिवेशन नागपूरला डिसेंबरात भरते म्हणून तेव्हाच आमदार निवासात जाऊन गाठू असं म्हणाल तर फसाल, तेव्हा तिथं अख्ख्या महाराष्ट्राचे निवेदनवाले उभे राहतात, बाहेर मोर्चे, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, तुमचा कागद पीएच्या फाइलीत गेला की गेलाच. दिवाळीच्या आसपास त्यांच्या मतदारसंघातल्या ऑफिसात जा, निवांत चहा होते अन् बोलणं पण होते.

आणि कोरा कागद घेऊन जाऊ नका, मजकूर तयार पाहिजे. साधारण असा:

"जपानमधील ओसाका येथे १३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर २०२५ या काळात झालेल्या जागतिक प्रदर्शनात भारताचे दालन उभारणाऱ्या व तेथे काम करणाऱ्या सर्वांचे हे सभागृह अभिनंदन करीत आहे."

बस, एवढंच. एका ठरावात एकच मुद्दा ठेवा. त्यात युक्तिवाद, टोमणे, कोणावर आरोप असं काही घुसवलं की अध्यक्ष तिथंच नाकारतील. "आणि विदर्भावर कसा अन्याय झाला" हे तर बिलकुल जोडू नका बे, ते भाषणात येऊ द्या. विदर्भातला कोणी विणकर किंवा कलाकार तिथं खरंच होता तर नाव-गावाचा पुरावा वेगळ्या पानावर लावा, ऐकीव नाव टाकू नका.

मग रस्ते दोन. एक अशासकीय ठराव, म्हणजे तुमचा आमदार विधानमंडळ सचिवालयात सूचना देते, ती दाखल झाली तरी नंबर लागायला सोडतीत नाव निघावं लागते, तर हा रस्ता थोडा लॉटरीवालाच. दुसरा म्हणजे सरकारकडूनच किंवा अध्यक्षांकडून प्रस्ताव मांडला जाणे. मला विचाराल तर हाच पकडा, फक्त त्यासाठी विरोधी पक्षातल्या एकाला तरी आधी सांगून ठेवा, कारण अभिनंदनाचा ठराव एकमतानं झाला तरच मजा, मतदान झालं की सगळा पचका.

विधानसभेत २८८ जण असतात, वेळेची मारामारी. नाही जमलं तर विधान परिषदेकडे वळा, तिथं ७८ च सदस्य आहेत आणि नागपूर विभागाचे पदवीधर अन् शिक्षक मतदारसंघाचे आमदार पण तिथलेच, पण तिथली सूचना सभापतींच्या नावानं द्यायची, अध्यक्षांच्या नाही.

ठराव झाला की पीएच्या मागे लागून त्या दिवसाच्या कार्यवाहीची प्रत मिळवा, आणि एक्स्पोचं काम ज्या केंद्रीय मंत्रालयाकडे होतं तिथं एक कव्हरिंग लेटर लावून पाठवून द्या.