जुन्या गेम कॅबिनेटमध्ये मल्टिगेम बोर्ड बसवताय? या चुका टाळा

मल्टिगेम बोर्ड (एकाच सर्किट बोर्डावर कित्येक जुने गेम) लावला, स्विच दाबला आणि पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत पुतण्या आणि मी एकमेकांकडे बघत उभे. गणपतीला आठ दिवस राहिले होते आणि गल्लीतल्या पोरांना मी शब्द देऊन बसलो होतो. "काका, बोर्ड गेला वाटतं," पुतण्या म्हणाला.

बोर्ड गेला नव्हता. त्यानंतर माझ्या हाताखालून आणखी तीन कॅबिनेट गेली, आणि एकदाही बोर्ड खराब निघाला नाही. दरवेळी दोष होता तीस वर्षांच्या जुन्या वायरिंगमध्ये, नाहीतर माझ्या घाईत. पण नवीन वस्तू बोर्ड असते, म्हणून संशय आधी त्याच्यावर जातो आणि दुकानदाराशी भांडण सुरू होतं.

आधी जिवाचं सांगतो. कॅबिनेटमध्ये जुनी पिक्चर ट्यूब असेल, तर तिच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवरही सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात. ट्यूब डिस्चार्ज करणं, म्हणजे हा साठलेला दाब उतरवणं, कधी केलं नसेल, तर जुना टीव्ही मेकॅनिक शोधा आणि त्याला चहा पाजा. बोर्ड बदलायला ट्यूबला हात लावायची गरजच नसते. तिची मान मात्र सांभाळा. पान्याचा एक धक्का लागला की संपलं.

कनेक्टर बसला म्हणजे जुळला असं नाही

या बोर्डांचा कनेक्टर 'जामा' पद्धतीचा असतो. (आमच्या आजीला हा शब्द ऐकून अंगरखाच आठवला असता.) जपानमधल्या गेम मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेचं हे आद्याक्षरी नाव. १९८५ च्या सुमारास त्यांनी वायरिंगचा एक ठरावीक नमुना आणला: बोर्डाच्या कडेला ५६ पिना, वरच्या बाजूला २८ आणि खालच्या बाजूला २८. त्याआधी प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा असायचा. म्हणून कॅबिनेट त्याहून जुनं असेल, तर आतला हार्नेस (वायरींचा जुडगा) जामाचाच असेल असं धरून चालू नका.

पहिली चूक म्हणजे उलटा प्लग. सातव्या पिनेच्या जागी बोर्डाला खाच असते आणि प्लगमध्ये तिथे एक छोटी पट्टी हवी, म्हणजे उलटा लावायचा म्हटलं तरी लागत नाही. जुन्या प्लगांमधून ही पट्टी हमखास गळून गेलेली असते. उलट्या प्लगमध्ये १२ व्होल्टची वायर जाऊन बसते बटणाच्या पिनेवर. पुढचं सांगायला नको. सियागंजातून आणलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा तुकडा कापून मी ती जागा भरतो. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक म्हणजे जुन्या वायरींवर न तपासता विश्वास ठेवणं. ती आम्ही केली नाही, पण करता करता राहिलो. जुन्या मालकाने कोणतातरी गेम चालवायला मधल्या दोन वायरी अदलाबदल करून ठेवल्या होत्या आणि वर काळी टेप. म्हणून बोर्ड न लावता, प्लग काढलेला असताना, मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक पिन शेवटपर्यंत तपासा: बटणापर्यंत, स्पीकरपर्यंत, पॉवर सप्लायपर्यंत. कागदावर टिक करत जा. एक तास जातो. आमच्या कॅबिनेटमध्ये उंदराने कुरतडलेल्या दोन वायरी याच तासात सापडल्या.

पाच व्होल्ट म्हणजे बोर्डापाशी पाच व्होल्ट

इथे मात्र थांबून वाचा, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात. गेम सुरू होतो, चांगला चालतो, आणि ऐन रंगात आल्यावर बोर्ड आपोआप रीस्टार्ट होऊन मेन्यूवर येतो. कधी आवाज तुटतो, कधी चित्रात ठिपके येतात.

आमचंही तेच झालं. पॉवर सप्लायच्या स्क्रूवर मीटर लावला तर ५.०२. उत्तम. मग बोर्ड चालू ठेवून त्याच्याच कडेला, पाचच्या आणि ग्राउंडच्या पिनेवर टोकं धरली, तर ४.७१. तीस सेंटिमीटरच्या वायरमध्ये जवळजवळ एक तृतीयांश व्होल्ट हरवलेला. प्लग काढून पाहिला. जामाच्या नमुन्यात पाच व्होल्टला चार पिना आहेत, दोन वर आणि दोन खाली, ग्राउंडला आठ. आमच्या प्लगमध्ये पाचची एकच बारीक वायर जोडलेली होती आणि त्या पिनेजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. सगळा करंट एका पिनेतून जात होता, म्हणून ती तापत होती. तापल्यामुळे काळी पडली, काळी पडल्यामुळे रेझिस्टन्स वाढला, म्हणून आणखी तापली.

अशा वेळी बहुतेक जण पॉवर सप्लायवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवतात. बोर्डापाशी पाच येतात, गेम चालतो आणि माणूस खूश होतो. पुढे कधी कुणी प्लग हलवला, कॉन्टॅक्ट नीट बसला, की तेच वाढवलेले साडेपाच व्होल्ट थेट बोर्डावर. या जातीच्या चिप्सना पाचच्या वर-खाली पाच टक्के चालतं, म्हणजे वर ५.२५ ही हद्द. तेव्हा आधी चारही पिना आणि सगळी ग्राउंड नव्या जाड वायरने जोडा, बोर्डाच्या कडेचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग गरज असेल तरच स्क्रूला हात लावा. बोर्डापाशी ५.०० ते ५.१० आलं की सोडून द्या.

उणे पाच व्होल्टची एक पिनही दिसेल. या नव्या बोर्डांना ती लागत नाही, रिकामी राहिली तरी चालते. १२ व्होल्ट मात्र लागतात, बहुतेक आवाजाच्या ऍम्प्लिफायरसाठी. चित्र येतंय पण आवाज मुका असेल, तर स्पीकर फाडण्याआधी १२ व्होल्टची पिन बघा. आणि स्पीकरची उणे वायर ग्राउंडला जोडू नका. काही बोर्डांच्या ऍम्प्लिफायरला स्पीकरच्या दोन्ही वायरी वेगळ्याच हव्या असतात.

खालचा खोका कसला आहे ते बघा

बाहेरून आलेल्या जुन्या मॉनिटरला ११० व्होल्ट लागतात, म्हणून कॅबिनेटच्या तळाशी एक जड लोखंडी खोका असतो. २३० आत, ११० बाहेर. सगळे त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात आणि पुढे जातात. पण त्यात दोन जाती आहेत. एकात आतल्या आणि बाहेरच्या वायंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) एकमेकींशी काही संबंध नसतो. दुसऱ्यात एकच वायंडिंग असतं आणि मधूनच फाटा काढलेला असतो. हा दुसरा स्वस्त, म्हणून बाजारात जास्त.

जुन्या मॉनिटरांच्या कित्येक चॅसिसमध्ये (आतल्या सर्किटमध्ये) घरातली वीज थेट आत घेतलेली असते, म्हणजे चॅसिसचं ग्राउंड हेच फेजशी नातं सांगतं. बोर्डाचं ग्राउंड अर्थिंगला. चित्राची वायर जोडली की ही दोन्ही ग्राउंड एकमेकांना भेटतात आणि फ्यूज उडतो. नशीब वाईट असेल तर बोर्डाचा चित्राचा भागही जातो. तपासणी सोपी आहे: प्लग काढा, खोका सगळ्यापासून वेगळा करा, आतल्या आणि बाहेरच्या टोकांमध्ये मीटर बीपवर लावा. बीप वाजला तर तो खोका या कामाचा नाही, पहिल्या जातीचा, आयसोलेशनवाला घ्या. मी जेल रोडच्या तीन दुकानांत विचारल्यावर मिळाला. पहिल्या दोघांनी "साहेब, सगळे एकच असतात" सांगून टाकलं.

आणि अर्थिंग. आमच्या जुन्या घरात मागच्या खोलीत दोनच पिनांचं सॉकेट होतं. कॅबिनेटच्या लोखंडी कॉइन डोअरला हात लावला की झिणझिण्या. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, फिल्टरमुळे अर्थ नसलेल्या धातूवर निम्म्या मेन्सइतका दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण अनवाणी पोरं, त्यात भाद्रपदातली ओल. तिसऱ्या पिनेसाठी इलेक्ट्रिशियन बोलावला आणि मगच मशीन अंगणात काढलं.

त्या तिरक्या रेघा

जुना आर्केड मॉनिटर साधारण १५ किलोहर्ट्झला चालतो, संगणकाचा व्हीजीए मॉनिटर ३१ ला. मल्टिगेम बोर्ड दोन्ही देऊ शकतो, आणि काय द्यायचं ते कडेच्या छोट्या स्विचवर ठरतं. आमचा स्विच व्हीजीएवर होता. तिरक्या रेघा आणि ती शिट्टी त्याचीच. असा मॉनिटर तसाच चालू ठेवून विचार करत बसू नका, त्याच्या हॉरिझॉन्टल सेक्शनला ते झेपत नाही. बंद करा, स्विच बदला, परत चालू करा.

चित्र आलं पण वर-खाली पळतंय, तर सिंकची (चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या सिग्नलची) वायर किंवा चित्राचं ग्राउंड बघा. रंग बिघडला असेल तर तो रंगच कुठली वायर तुटली ते सांगतो: जांभळट-गुलाबी दिसलं तर हिरवी नाही, पिवळट दिसलं तर निळी नाही, आकाशी दिसलं तर लाल नाही. कोपऱ्यातच डाग असेल, तर जवळ बसवलेल्या स्पीकरचा चुंबक दोषी.

एक चूक दुरुस्तीची नाही, खरेदीची आहे. साठ गेमचा लोकप्रिय बोर्ड मुख्यतः उभ्या पडद्यासाठी असतो, कारण पॅक-मॅन (१९८०), गॅलागा, डाँकी काँग (दोन्ही १९८१) हे सगळे उभ्या पडद्याचे गेम. स्ट्रीट फायटर २ (१९९१) आडव्या पडद्याचा. तुमची ट्यूब कशी बसवलेली आहे ते बघून बोर्ड घ्या. आणि या बोर्डांवरचे गेम बहुधा परवान्याविना भरलेले असतात. पैसे घेऊन मशीन चालवायचं मनात असेल, तर तो विचार खरेदीच्या आधी करा.

बटणं, नाणी आणि काठी

बटण दाबलेलंच राहिल्यासारखं वाटतं? मायक्रोस्विचला तीन टोकं असतात. त्यातल्या दोघांत गोंधळ होतो आणि वायर 'एनसी'वर (न दाबता जोडलेलं टोक) जाते. ती 'एनओ'वर (दाबल्यावरच जोडलं जाणारं टोक) हवी. एका खेळाडूची अर्धी बटणं मेली असतील, तर ग्राउंडची साखळी मध्येच तुटली आहे. ती एका बटणावरून दुसऱ्यावर जात असते, त्यामुळे तुटलेल्या जागेच्या पुढचं सगळं बंद पडतं.

सहा बटणांच्या बोर्डांची एक खोड कुणी सांगत नाही. मूळ जामामध्ये २७ वी पिन ग्राउंडची. काही मल्टिगेम बोर्ड तिथेच सहावं बटण घेतात. जुन्या हार्नेसमध्ये तिथे ग्राउंड जोडलेलं असतं, म्हणून बोर्डाला वाटतं सहावं बटण कायम दाबलेलंच आहे, आणि मारामारीच्या गेममधला पैलवान एकटाच लाथा झाडत सुटतो. पुतण्या त्यावर दोन दिवस हसत होता. त्या पिनेची वायर, वर आणि खाली दोन्हीकडची, काढून टाकली की पैलवान शांत. बोर्डाबरोबर आलेला तक्ता मात्र आधी बघा.

कॉइन यंत्रात जे नाणं नमुना म्हणून अडकवाल, तेच चालतं. १९९२ च्या मालिकेतलं २५ मिलिमीटरचं रुपयाचं नाणं नमुन्याला लावलं, तर २०११ पासूनचं २२ मिलिमीटरचं नाणं ते परत फेकतं. क्रेडिट आपोआप वाढत जात असतील, तर त्या यंत्रावरचा एनओ-एनसी स्विच चुकीच्या बाजूला आहे.

शेवटी काठी. पॅक-मॅन वर न्यायला गेलं की खाली जातो, डावीकडे न्यायला गेलं की उजवीकडे. सगळी वायरिंग बरोबर, लेबलंही बरोबर. काठी वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट दिशेला जातं आणि खालचा स्विच दाबतं. म्हणजे 'वर'ची वायर खालच्या स्विचला हवी. हे कळायला मला एक रात्र लागली. त्यानंतर काठीखालची चौकोनी पट्टी फिरवून चार दिशांवर आणा, नाहीतर पॅक-मॅन कोपऱ्यावर अडखळतो आणि पोरं म्हणतात मशीनच खराब आहे.