घरच्या डीव्हीआरचा पंखा आवाज करू लागला तर

घराच्या सीसीटीव्हीसाठी बसवलेला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, बहुतेक वेळा हॉलमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात, नाहीतर झोपायच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलेला असतो. तो वर्षाचे 8,760 तास अखंड चालू राहतो, त्यामुळे त्यातल्या लहानशा पंख्याला विश्रांती अशी मिळतच नाही. चार किंवा आठ कॅमेऱ्यांच्या आणि एकच हार्ड डिस्क असलेल्या यंत्रात पंखा असलाच, तर तो साधारणपणे 40 मिलिमीटर रुंदीचा आणि 12 व्होल्टवर चालणारा असतो. काही लहान यंत्रांत मात्र पंखा नसतोच. तिथे पत्र्याचे आवरणच आतली उष्णता बाहेर टाकते. रात्री घर शांत झाल्यावर घरघर ऐकू येऊ लागली की पहिला विचार पंखा काढून टाकण्याचा किंवा त्याची वायर तोडण्याचा येतो. तसे करण्यापूर्वी आवाज पंख्याचाच आहे का आणि पंख्याला इतके धावावे का लागते आहे, या दोन गोष्टी पाहाव्यात. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुष्कळदा नवा पंखा आणण्याची वेळच येत नाही.

आवाज कुठून येतो हे आधी ठरवावे

रात्री छताचा पंखा आणि एसी बंद करावा आणि जाड कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक कानाला व दुसरे टोक यंत्राच्या निरनिराळ्या बाजूंजवळ धरावे. आवाज करू शकणाऱ्या जागा चार असतात: डीव्हीआरचा पंखा, हार्ड डिस्क, ॲडॉप्टर किंवा कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय, आणि डीव्हीआर लोखंडी रॅकमध्ये बंद केलेला असल्यास त्या रॅकचा स्वतःचा पंखा.

यातला शेवटचा अनेकांच्या लक्षातच येत नाही. भिंतीवर टांगायच्या रॅकच्या छतात किंवा बाजूला बसवलेला पंखा बहुधा थेट 230 व्होल्टवर चालतो. त्याचा वेग घरातल्या विजेच्या 50 हर्ट्झशी बांधलेला असल्यामुळे तो सदैव एकाच जोरात फिरतो, आणि रॅकचा पातळ पत्रा त्याच्या थरथरीने वाजू लागतो. डीव्हीआरच्या पंख्याला मात्र ॲडॉप्टरमधून आलेली डीसी वीज मिळते. म्हणून एक सोपी खूण सांगता येते. लाईट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालू असताना, विशेषतः तो इन्व्हर्टर साधा चौकोनी लहरींचा असेल तर, घरघर एकदम वाढत असेल, तर ती डीव्हीआरच्या पंख्याची नसून रॅकच्या पंख्याची, नाहीतर ॲडॉप्टरची असण्याची शक्यता अधिक. रॅकचा पंखाच त्रास देत असेल तर त्याच मापाचा, बहुधा 120 मिलिमीटरचा, 12 व्होल्टचा कमी वेगाचा डीसी पंखा वेगळ्या ॲडॉप्टरवर बसवणे हा उत्तम उपाय आहे. जुना पंखा काढण्याचे काम 230 व्होल्टचे असल्यामुळे ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

हार्ड डिस्कचा आवाज वेगळा ओळखता येतो. मिनिटाला 5,400 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 90 वेळा फिरते आणि तिची खर्जातली एकसुरी गुणगुण आवरणातून खालच्या प्लायवूडमध्ये उतरते. मग अख्खे टीव्ही युनिटच गुणगुणू लागते. डीव्हीआर चालू असताना दोन्ही हातांनी जेमतेम बोटभर उचलावा, तो वाकडा न करता आणि धक्का न लावता. उचलताच आवाज निम्म्याहून कमी झाला, तर दोष पंख्याचा नसून टेकूचा आहे असे समजावे. चार कोपऱ्यांना जाड, मऊ रबराचे पाय चिकटवले की काम होते. सगळ्या तळाखाली फोमची शीट किंवा घडी घातलेला टॉवेल कायमचा ठेवू नये, कारण अनेक यंत्रांच्या तळालाही हवेची भोके असतात. डिस्क ठरावीक अंतराने कट-कट असा आवाज करत असेल, तर पंख्याचा विषय बाजूला ठेवून आवश्यक रेकॉर्डिंगची प्रत त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी.

आवाज पंख्याचाच असल्याचे ठरले, तर त्याच्या जातीवरून कारण बरेचसे कळते. यंत्र सुरू करताना खरखर होते आणि थोड्या वेळाने थांबते, तेव्हा बुशमधले, म्हणजे पंख्याचा दांडा ज्या साध्या कडीत फिरतो तिच्यातले, वंगण सुकत आल्याचे समजावे. खरखर दिवसभर तशीच राहते, तेव्हा बेअरिंग झिजलेले असते. नियमित टिकटिक बहुधा पात्यांना लागणाऱ्या वायरीची, केबल टायच्या टोकाची किंवा अडकलेल्या झुरळाच्या पंखाची असते. शिट्टीसारखा बारीक आवाज हवा अडल्यामुळे येतो; जाळी धुळीने भरलेली असते किंवा मागची बाजू भिंतीला चिकटलेली असते. आवाज दर काही मिनिटांनी वाढतो आणि पुन्हा ओसरतो, असे होत असेल तर तो दोष नाही. तापमानानुसार वेग बदलणारा पंखा आपले काम करतो आहे, फक्त त्याला ते वारंवार करावे लागते आहे.

पंखा असा का वागतो

पंख्याला येणाऱ्या वायरींची संख्या मोजली की त्याचे वागणे उलगडते. लाल आणि काळी अशा दोनच वायरी असतील, तर बहुतेक घरगुती डीव्हीआरमध्ये तो पंखा वीज मिळताच पूर्ण वेगाने फिरतो आणि तसाच फिरत राहतो. यंत्र गार असो वा गरम, त्याला फरक पडत नाही. तिसरी वायर पंख्याच्या फेऱ्यांची खबर मदरबोर्डला देते, त्यामुळे असा पंखा थांबला किंवा चुकीचा बदलला, तर यंत्र बीप देऊ शकते किंवा पडद्यावर इशारा दाखवू शकते. चौथी वायर असलेल्या पंख्याचा वेग मदरबोर्ड स्वतः ठरवतो. म्हणून यंत्र चालू करताना पंखा क्षणभर जोरात फिरून मग मंदावला, तर घाबरण्याचे कारण नाही.

लहान पंखा इतका का किंचाळतो, याचेही उत्तर वेगातच आहे. 40 मिलिमीटरच्या पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर त्यांना मिनिटाला हजारो फेरे घ्यावे लागतात, आणि पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. उलट पाहिले तर वेग निम्मा केल्यावर आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, मात्र हवाही निम्मीच होते. म्हणून वेग कमी करण्याआधी आतली उष्णता कमी करणे हाच शहाणपणाचा क्रम ठरतो.

उष्णता कमी करण्याची कामे

बहुतेक डीव्हीआरच्या मेनूत हार्ड डिस्कच्या विभागात ‘स्मार्ट’ नावाचा तक्ता असतो आणि त्यात 194 क्रमांकाच्या ओळीत डिस्कचे तापमान दिलेले असते. हा आकडा दुपारी आणि पहाटे असा दोनदा लिहून ठेवावा. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्कना कंपन्या साधारण 60 ते 70 अंश सेल्सियसपर्यंतची मर्यादा देतात, पण मर्यादेला टेकून वर्षानुवर्षे चालवणे वेगळे. माझ्या मते 50 अंशांच्या वर आकडा गेला की हात घालावा. अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात खोलीचेच तापमान दुपारी 40 च्या आसपास असते, आणि बंद कप्प्यातली हवा त्याहून गरम होते. अशा हवेने पंखा डिस्क थंड तरी कशी करणार?

सर्वांत मोठा फरक जागेने पडतो. डीव्हीआरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना किमान चार-पाच बोटे मोकळी जागा ठेवावी, कप्प्याचे काचेचे दार काढावे किंवा मागच्या प्लायला भोक पाडावे. सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि कॅमेऱ्यांचा लोखंडी पॉवर सप्लाय यांची एकावर एक रचलेली उतरंड मोडून प्रत्येकाला वेगळी जागा द्यावी. पत्र्याखालचा माळा ही डीव्हीआर ठेवण्याची सर्वांत वाईट जागा आहे. चोराच्या नजरेस पडू नये म्हणून तो तिथे ठेवला जातो आणि दोन उन्हाळ्यांत डिस्क जाते. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवणेही टाळावे, कारण ती हवा गार असली तरी दमट असते. रेकॉर्डिंग फक्त हालचाल झाल्यावर होईल असे लावल्याने डिस्कवर जागा वाचते, पण डिस्क फिरतच राहत असल्यामुळे आवाजात फारसा फरक पडत नाही.

उघडून साफ करणे

वॉरंटी चालू असेल आणि स्क्रूवर सील असेल, तर आधी बसवून देणाऱ्याशी बोलून घ्यावे. उघडायचेच ठरले तर मेनूतून शटडाउन करावे, ॲडॉप्टर काढावा आणि डिस्क थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. चालू रेकॉर्डिंगमध्ये थेट प्लग उपटला तर फाइल बिघडण्याचा संभव असतो. कॅमेऱ्यांच्या केबल काढण्यापूर्वी मोबाइलवर मागच्या बाजूचा फोटो घेऊन ठेवला, तर परत जोडताना कॅमेऱ्यांचे क्रमांक चुकत नाहीत.

आत दिसणारी धूळ कोरड्या, मऊ ब्रशने सुटी करून ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोतात पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होते. शिवाय फिरणारा पंखा उलट वीजही निर्माण करतो. देवघराजवळ ठेवलेल्या यंत्रात उदबत्तीचा आणि स्वयंपाकघराजवळच्या यंत्रात फोडणीचा तेलकट थर धुळीत मिसळून पात्यांवर घट्ट बसतो; तो ब्रशने निघत नाही. अशा वेळी पंखा बाहेर काढून पाती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावीत. थर सगळ्या पात्यांवर सारखा नसेल तर पंख्याचा तोल जातो, आणि थरथरीचे मूळ कारण तेच असू शकते. उबेला येणारी झुरळे, मुंग्या आणि पाली यांना अटकाव म्हणून मोठ्या भोकांवर बारीक जाळी लावता येते, पण ती दर महिन्याला साफ होणार नसेल तर न लावलेली बरी.

तेल द्यावे की पंखा बदलावा

पंख्याच्या मधोमध असलेले लेबल हलकेच उचलले की काही बुश पंख्यांत रबराचे बूच दिसते. त्याखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर खरखर काही आठवडे किंवा महिने थांबते. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. घरात हाताशी असलेले खोबरेल तेल वापरू नये, कारण ते 24 अंशांच्या आसपासच गोठू लागते आणि बंद यंत्र थंडीच्या सकाळी सुरू करताना पंखा अडू शकतो. गंज सोडवण्याचे स्प्रेही नकोत. ते उरलेसुरले वंगण धुऊन नेतात. बॉल बेअरिंगचा पंखा खरखरू लागला तर तो थेट बदलावा.

नवा पंखा घेताना जुना पंखाच दुकानात घेऊन जावा. रुंदीइतकीच जाडी महत्त्वाची असते, कारण 10 आणि 20 मिलिमीटर जाडीचे पंखे समोरून सारखेच दिसतात. लेबलवरचे व्होल्ट जुळलेच पाहिजेत. काही यंत्रांत 5 व्होल्टचा पंखा असतो आणि त्याला 12 व्होल्ट दिल्यास तो जळतो. अँपिअर जुन्याइतके किंवा त्याहून कमी असावेत, वायरींची संख्या आणि कनेक्टरचे माप तेच असावे. दोन प्रकारांत निवड करता आली तर बॉल बेअरिंगचा किंवा द्रव बेअरिंगचा घ्यावा. साध्या बुश पंख्याचे आयुष्य कंपनीने 30,000 तास सांगितले असले, तरी चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात ते सव्वातीन-साडेतीन वर्षांतच संपते, आणि गरम जागेत त्याहून लवकर.

बसवताना दिशा चुकण्याचा धोका मोठा असतो. जुना पंखा काढण्याआधी हवा आत येते की बाहेर जाते, हे कागदाचा कपटा धरून पाहावे. बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला लेबल आणि आधाराच्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. स्क्रू फार आवळू नयेत. चौकट पिळली गेली तर नवा पंखाही पहिल्याच दिवशी कुरकुरतो. स्क्रूऐवजी सिलिकॉनच्या खुंट्या मिळाल्या तर थरथर आवरणात जात नाही.

एवढे करूनही दोन वायरींच्या पंख्याचा आवाज मोठा वाटत असेल, तर त्या पंख्यासोबत वेग कमी करणारा तयार रेझिस्टर जोड लावता येतो. मात्र व्होल्ट फार उतरवले तर पंखा फिरता असताना फिरत राहतो, पण लाईट जाऊन परत आल्यावर जागेवरून हलतच नाही. म्हणून जोड लावल्यावर यंत्र दोन-तीनदा बंद-चालू करून पंखा दर वेळी सुरू होतो का, हे डोळ्यांनी पाहावे. तीन किंवा चार वायरींच्या पंख्यावर हा प्रयोग करू नये.

झाकण लावल्यानंतर दोन तासांनी 194 क्रमांकाचा आकडा पुन्हा पाहावा आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून घ्यावा. तो पाच अंशांहून अधिक वाढलेला असेल तर पंखा उलटा बसला आहे, किंवा त्याचा वेग गरजेपेक्षा उतरवला गेला आहे. काम डिसेंबर-जानेवारीत केले असेल तर हीच नोंद एप्रिल-मेमधल्या दुपारी पुन्हा घ्यावी आणि तेव्हा आकडा पन्नाशीपलीकडे दिसला, तर रेझिस्टर जोड काढून पंखा पूर्ण वेगाने चालू द्यावा.