ऑनर्सचं चौथं वर्ष: लहान विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी

टीवायची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं हल्ली स्टाफरूममध्ये येऊन एकच प्रश्न विचारतात, "सर, तीन वर्षांची डिग्री घेऊन बाहेर पडू, की चौथं वर्ष घेऊन ऑनर्स करू?" मी आधी विचारतो, पुढे काय करायचंय? फक्त एमपीएससी द्यायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते, उगाच एक वर्ष अडकू नका. एम.ए. करायचंच असेल तर मात्र हिशेब वेगळा. तीन अधिक दोन काय किंवा चार अधिक एक काय, वर्षं पाचच लागतात. एवढं सांगितलं की सोबत आलेल्या वडिलांची अर्धी काळजी मिटते.

नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ला आलं, बाकीच्या संलग्न कॉलेजांत वर्षभराने. त्यात ऑनर्स दोन तऱ्हेचं आहे. साध्या ऑनर्समध्ये मुख्यतः मेजर, म्हणजे मुख्य विषयाचे पेपर असतात. 'ऑनर्स विथ रिसर्च'ला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार एम.ए. न करताही पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं. राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत. मुलांना हे फार आकर्षक वाटतं. वयाच्या एकविसाव्या वर्षी पीएचडीला लागायची घाई कशाला, असं माझं मत, पण ते बाजूला ठेवा.

खरा पेच आहे तो गाइडचा. आमचं सोलापूर विद्यापीठ २००४चं, एका जिल्ह्यापुरतं. रिसर्चवालं चौथं वर्ष चालवायला त्या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले निदान दोन कायम प्राध्यापक असावेत, असं यूजीसी सांगते. तालुक्याच्या कॉलेजात तर कधी कधी अख्खा विभाग एक कायम प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे सीएचबीवाले मिळून ओढतात. म्हणून तुमच्या विषयाचं चौथं वर्ष आपल्याच कॉलेजात होणार आहे का, की विद्यापीठाच्या विभागात जावं लागेल, हे एसवायलाच, म्हणजे दुसऱ्या वर्षीच विचारून ठेवा. सोलापूरला रोज एसटीने ये-जा करायची की खोली घ्यायची, हा खर्चही त्यावरच ठरतो.

लहान विद्यापीठाचा फायदा कुठे आहे, तर विषयात. अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्याकडे शीर्षक घेऊन आली: 'सोलापुरातील विडी कामगार महिलांचे आर्थिक प्रश्न: एक अभ्यास'. असल्या शीर्षकाचे प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडलेत. मी म्हटलं, तू एसवायच्या फील्ड प्रोजेक्टला कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेली होतीस ना, तिथे काय दिसलं ते सांग. ती सहज म्हणाली, "सर, सासू विड्या वळते आणि सून गारमेंटला जाते." झाला की विषय! एकाच गल्लीतली घरं घ्यायची. सासूला हजार विड्यांमागे काय मिळतं, विडी कारखान्यात किती विड्या नाकारल्या जातात, सुनेला युनिफॉर्म शिवून आठवड्याला काय पडतं, पीएफ कुणाचा कापला जातो. त्या बायकांच्या घरी तेलुगू चालतं आणि हिला घरातूनच तेलुगू येतं. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला यासाठी दुभाष्या शोधावा लागला असता. गाइडही अशा कामाला खुशीने वेळ देतो, कारण त्यालाही त्यातून काही नवं कळतं.

प्रश्नावली मात्र गुगल फॉर्मवर पाठवू नका. कामावरून दमून आलेली बाई कशाला भरेल तो? संध्याकाळी जा, आधी चार गोष्टी बोला, मग वही उघडा. आकडा सांगताना ती अडखळली तर तेही टिपून ठेवा. व्हायव्हाला परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

ऑनर्सचा फॉर्म भरण्याआधी एबीसी खात्यात (क्रेडिट जमा होतात त्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये) सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट चढलेत का, ते डिजीलॉकरवर बघून घ्या. नावातलं एखादं अक्षर आधारशी जुळत नाही म्हणून क्रेडिट अडकलेली मुलं दरवर्षी दिसतात. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या तारखा तुमच्यासाठी थांबत नाहीत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.