इंटरप्रिटरमध्ये अ‍ॅरेसाठी बायनरी सर्च घालताना

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) प्रोजेक्टसाठी म्हणा किंवा नुसत्या हौसेनं, सी मध्ये स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा छोटा इंटरप्रिटर (प्रोग्रॅम वाचून थेट चालवणारा प्रोग्रॅम) लिहिला की त्यातला अ‍ॅरेचा ‘शोधा’ हमखास पहिल्या घटकापासून शेवटच्यापर्यंत चालत जाणारा असतो. दहा लाख घटक आहेत आणि हवा तो त्यात नाही, तर दहा लाख तुलना. अ‍ॅरे क्रमानं लावलेला असेल तर तेच काम बायनरी सर्चनं, म्हणजे दर वेळी मधला घटक बघून अर्धा भाग सोडत, वीस-एकवीस तुलनांत उरकतं.

तरी जुन्या ‘शोधा’ला हात लावू नका. तो कुठल्याही अ‍ॅरेवर चालतो, फक्त बरोबरी बघतो आणि पहिला सापडेल तो देतो. लोकांचे प्रोग्रॅम त्यावर विसंबून असतात. आतल्या आत ‘अ‍ॅरे क्रमवार आहे का’ हे तपासून मग वेगळी वाट धरायची म्हटलं, तर त्या तपासणीलाच एक कमी दहा लाख तुलना लागतील. मग मिळवलं काय? ती तपासणी फक्त डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठीच्या आवृत्तीत) ठेवा. रुबी भाषेनंही २०१३ साली २.० आवृत्तीत बी-सर्च (बायनरी सर्च) आणली ती वेगळी मेथड म्हणूनच. आपणही ‘जागा_शोधा’ असं नवं बिल्ट-इन (भाषेतच तयार मिळणारं फंक्शन) घालू.

गाभा एवढाच:

डावा = ०; उजवा = लांबी
जोवर डावा < उजवा:
    मधला = डावा + (उजवा - डावा) / २
    जर अ[मधला] < लक्ष्य: डावा = मधला + १
    नाहीतर: उजवा = मधला
परत डावा

‘उजवा’ ही शेवटच्या घटकाच्या पुढची जागा आहे. तिथं ‘लांबी - १’ लिहून बाकी तसंच ठेवलंत, तर सगळ्यांपेक्षा मोठं लक्ष्य एक घर आधी बसतं. ‘डावा = मधला’ लिहिलंत तर एकच घटक उरला की लूप तिथंच फिरत राहतो. मधल्याची बेरीज सरळ (डावा + उजवा) / २ अशी करू नका: ३२ बिटी इंटिजरमध्ये ती २१४७४८३६४७ च्या पुढं गेली की ऋण होते. जावाच्या लायब्ररीत हीच चूक कित्येक वर्षं होती. २००६ मध्ये तिथली बायनरी सर्च लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीर केली. आणखी एक फायदा: एकच किंमत अनेकदा आली असेल तर या लूपमधून पहिलीच जागा मिळते, म्हणजे जुन्या ‘शोधा’शी उत्तर जुळतं.

सापडलं नाही तर काय परत द्यायचं? तुमच्या भाषेत ऋण इंडेक्स शेवटून मोजत असेल, तर -१ अजिबात नको. न बघता कुणीतरी तो वापरणार आणि शेवटचा घटक हातात येणार. गो भाषेसारखी जागा आणि ‘सापडलं का’ अशी जोडी द्या. त्या जागेवर नवा घटक घालताही येतो.

आता तुलना, आणि खरी गोची इथंच आहे. अ‍ॅरे फक्त इंटिजरांचा आणि लक्ष्यही इंटिजर असेल तर टाइप लूपच्या बाहेर एकदाच बघून थेट तुलना करा. संख्या आणि स्ट्रिंग एकत्र आल्या तर एरर फेका, अंदाज बांधू नका. दशांश संख्यांत ‘नॅन’ (‘संख्या नाही’ अशी खास किंमत) शिरला की ‘पेक्षा लहान’ कायम खोटं ठरतं आणि उत्तर भरकटतं. तुलनेचं फंक्शन वापरणाऱ्यानं दिलं असेल, तर ते चालू असताना अ‍ॅरे आखूड होऊ शकतो. म्हणून प्रत्येक कॉलनंतर लांबी पुन्हा बघा, बदलली असेल तर एरर. त्याच वेळी गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा भाग) फिरू शकतो, तेव्हा लक्ष्य आणि अ‍ॅरे दोन्ही व्हीएमच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या) स्टॅकवर ठेवा, म्हणजे ते वापरात आहेत हे त्याला दिसेल.

स्ट्रिंगचं आपल्याकडं वेगळंच दुखणं. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत मात्र ‘ह’ नंतर. अनगोळ, असोगा, अळणावर ही गावांची नावं कोशाच्या क्रमानं लावली आहेत आणि तुमची तुलना बाइट, म्हणजे युनिकोडचा क्रम बघते, असं धरा. अळणावर शोधू: मधला १, म्हणजे असोगा. बाइटच्या हिशोबानं ‘स’ हा ‘ळ’ पेक्षा मोठा, म्हणून उजवा = १. मग मधला ०, अनगोळ; तो लहान, डावा = १. लूप संपला, हाती असोगा, निकाल ‘नाही’. अळणावर तर २ वर बसलंय! गावांची कन्नड यादी घेतलीत तरी ‘ಳ’ चा हाच घोळ. म्हणून ‘क्रम_लावा’ आणि ‘जागा_शोधा’ या दोघांनी एकच तुलना-फंक्शन वापरलं पाहिजे. कोडमध्ये दोन प्रती ठेवूच नका. मॅन्युअलमध्ये हे पहिल्या ओळीत लिहा.

टेस्ट हातानं निवडू नका. लांबी ० ते ६४, घटक ०, २, ४ असे सम. प्रत्येक अ‍ॅरेत -१ पासून लांबीच्या दुपटीपर्यंत प्रत्येक संख्या शोधा आणि उत्तर जुन्या ‘शोधा’शी ताडून बघा. सापडलं नाही तिथं परत आलेल्या जागेच्या डावीकडचे सगळे लहान आणि उजवीकडचे मोठे आहेत ना, तेही तपासा. सारख्या किमतींचा एक संच वेगळा.

वेग मोजताना लहान अ‍ॅरेही घ्या. दहा-वीस घटकांना साधा लूपच बहुतेक पुढं असतो, कारण मेमरी सलग वाचली जाते आणि पुढं कुठली वाट धरायची याचा प्रोसेसरचा अंदाज चुकत नाही. आणि एकदाच शोधायचं असेल तर त्यासाठी आधी क्रम लावणं हा निव्वळ तोटा.