मूल उशिरा बोलतंय? जिभेआधी कान तपासा

मूल बोलायला वेळ लावू लागलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या जिभेकडे जातं. जीभ चिकटलेली आहे का, वेखंड उगाळून लावावं का, पोपटाचा उष्टा पेरू खायला द्यावा का. बोलणं हे खरं तर शेवटचं टोक. त्याआधी मुलाला ऐकू यावं लागतं, ऐकलेलं समजावं लागतं आणि समोरच्याला काही सांगावंसं वाटावं लागतं. तपासायचंही याच क्रमाने. जिभेखालचा पडदा आखूड असला तर बाळाला अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, क्वचित एखाद्या उच्चारात फरक पडतो. पण दोन वर्षांचं मूल एकही शब्द बोलत नसेल, तर त्याचं कारण तो पडदा नसतो.

कान: ताट वाजवून काही कळत नाही

मुलामागे ताट वाजवलं, मूल वळलं, म्हणजे ऐकू येतं, असा निकाल बहुतेक घरांत आधीच लागलेला असतो. ताटाचा आवाज फार मोठा असतो. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ हे आवाज बारीक आणि चढ्या पट्टीतले. मध्यम स्वरूपाचा बहिरेपणा असलेलं मूलही ताटाला, दाराच्या आवाजाला, कुकरच्या शिट्टीला वळतं, पण ‘बस’ आणि ‘बघ’ यांतला फरक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. शिवाय लहान मुलं सावली, वाऱ्याची झुळूक, फरशीचा हादरा यांवरही वळतात.

म्हणून उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी करायची, घरच्यांना कितीही खात्री असली तरी. या चाचणीसाठी मूल फार लहान आहे असं कधीच नसतं. जन्मानंतर दुसऱ्या दिवशीही ती होते. दोन नावं लक्षात ठेवा. ओएई चाचणीत कानात छोटं मऊ बूच बसवून आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज मोजतात, मूल शांत असेल तर काही मिनिटांत काम होतं. निकाल ‘पास’ किंवा ‘रेफर’ असा येतो. ‘रेफर’ म्हणजे बहिरेपणा नव्हे. मळ, सर्दीनंतर पडद्यामागे साठलेलं पाणी, मुलाचं रडणं यांमुळेही ‘रेफर’ येतं. मात्र पुन्हा चाचणी करायची, सोडून द्यायचं नाही. बेरा चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद मोजतात. काचेच्या पेटीत राहिलेलं बाळ, जास्त कावीळ झालेलं, मेंदूज्वर होऊन गेलेलं, किंवा घरात जन्मतः बहिरेपणा असलेलं मूल असेल, तर नुसत्या ओएईवर थांबू नका, बेरा मागा. आई-बाबांचं लग्न मामाच्या किंवा आत्याच्या घरात, म्हणजे जवळच्या नात्यात झालेलं असेल तर तेही न लाजता सांगा.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं आणि बहुतेक फेऱ्या इथेच वाया जातात. त्या दिवशी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका. औषध देऊन झोपवणार असतील तर आधी किती वेळ खायला-प्यायला द्यायचं नाही ते फोन करून विचारा. डोक्याला तेल लावून नेऊ नका. इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

समज: हात बांधून विचारा

‘त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही’ हे वाक्य तपासून घ्यायला हवं. आपण ‘चप्पल आण’ म्हणतो तेव्हा चपलेकडे बघतो, बोट दाखवतो, आणि तेव्हा बाहेर जायची वेळही झालेली असते. मूल शब्द न कळताही चप्पल आणतं.

घरी असं करून बघा. मुलासमोर चमचा, टॉवेल आणि चप्पल ठेवा. स्वतःचे हात मांडीवर ठेवा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर. साध्या आवाजात म्हणा, ‘चमचा दे.’ दीड वर्षाच्या मुलाला हे जमायला हवं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला सांगा, ‘चमचा चपलेत ठेव.’ असलं काही घरात रोज घडत नाही, त्यामुळे प्रसंगावरून अंदाज बांधता येत नाही. शब्दच कळावे लागतात. मुलाने चमचा उचलून तोंडात घातला किंवा तुमच्या हातात दिला, तर त्याने ‘चमचा’ पकडला आणि बाकीचं सोडलं. तीन वर्षांनंतर ‘चमचा टॉवेलखाली’ आणि ‘चमचा टॉवेलवर’ यांतला फरक बघा. एकाच वेळी बसून दहा प्रश्न विचारू नका, मूल कंटाळून चुकवतं. दिवसातून दोन-तीनदा, खेळता खेळता.

समज वयाप्रमाणे असेल, खाणाखुणा भरपूर असतील आणि फक्त शब्द मागे असतील, तर त्या मुलाने पुढे स्वतःहून गाठण्याची शक्यता बरीच चांगली असते. समजही मागे असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही.

वयाप्रमाणे काय दिसायला हवं

नऊ महिन्यांच्या सुमारास नावाने हाक मारल्यावर वळणं आणि ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ. वर्षाच्या आसपास टाटा करणं, घे म्हणून हात वर करणं, हवी ती वस्तू दाखवणं, पहिला शब्द. दीड वर्षाला बोट दाखवून मग आपल्याकडे वळून बघणं, म्हणजे ‘ते बघ’ असं न बोलता सांगणं. दोन वर्षांना सुमारे ५० शब्द आणि दोन शब्द जोडणं: ‘बाबा ये’, ‘अजून दूध’. तीन वर्षांना तीन-चार शब्दांची वाक्यं, आणि बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळेल असं बोलणं. चार वर्षांना काय घडलं ते सांगता येणं.

शब्द मोजताना वही घ्या, आठवणीवर जाऊ नका. मूल एकाच गोष्टीसाठी नेहमी तोच आवाज वापरत असेल तर तो शब्द धरायचा. कुत्र्याला ‘भू’, गाईला ‘हम्मा’, पाण्याला ‘पापा’ हे सगळे शब्दच. आपण म्हटल्यावर लगेच म्हटलेलं, पण स्वतःहून कधी न आलेलं, धरायचं नाही. घरात मराठी आणि हिंदी किंवा इंग्रजी असेल तर सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा. ‘बाय बाय’ आणि ‘काय झालं’ ही पाठ झालेली एकसंध जोडी असते. तिला दोन शब्दांचं वाक्य समजू नका.

खालच्या गोष्टींसाठी पुढच्या लसीकरणापर्यंतही थांबू नये:

- वर्ष झालं तरी बडबड नाही, किंवा कसलीच खूण नाही
- १६ महिन्यांना एकही शब्द नाही
- दोन वर्षांना स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत
- आधी येत असलेले शब्द किंवा खुणा गेल्या, मग वय कोणतंही असो
- ऐकू येतं, पण हाकेला ओ नाही. काही हवं असेल तर बोट न दाखवता आपला हात धरून वस्तूवर नेऊन ठेवतं

शेवटच्या बाबतीत ऑटिझमची (स्वमग्नतेची) तपासणी लागते. घरबसल्या निदान करू नका, पण ‘तो हट्टी आहे’ म्हणून सोडूनही देऊ नका. ‘याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला’ हा दिलासा तर उलटा वापरायला हवा: घरात कुणी उशिरा बोललेलं असणं हे लवकर तपासण्याचं कारण आहे. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक थोड्या महिन्यांचा, वर्षाचा नव्हे.

कोणत्या चुका चांगल्या, कोणत्या नाहीत

‘मी करलं’, ‘बाबा येला’ असं तीन वर्षांचं मूल म्हणालं तर खूश व्हा. ‘बसलं’, ‘पडलं’ यांवरून त्याने नियम काढला आणि ‘केलं’, ‘आला’ या अपवादांवरही लावला. ‘काका’चं ‘ताता’ आणि ‘गाडी’ची ‘दादी’ चार वर्षांपर्यंत साधारण जायला हवी. ‘र’चा ‘ल’ आणि बिघडलेला ‘ळ’ आणखी वर्ष-दीड वर्ष चालतो.

काळजीची चूक वेगळी. पाच वर्षांचं मूल, कान ठीक, खेळात हुशार, पण ‘ताईने पोळी खाल्ली’ऐवजी ‘ताई पोळी खाल्ला’ म्हणतं, ‘मी’ आणि ‘मला’ यांची गल्लत करतं, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जर’ वापरतच नाही, गोष्ट सांगताना कोण कुणाला म्हणालं हे कळू देत नाही. याला विकासात्मक भाषादोष म्हणतात. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत शाळेत नुकत्याच गेलेल्या मुलांत त्याचं प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं, म्हणजे तीसच्या वर्गात दोन मुलं. ती सहसा ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली लपतात आणि पुढे वाचनात, गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत अडकतात.

दोन भाषांमुळे हा दोष होत नाही. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. घरी मराठीत घडाघडा बोलणारं मूल इंग्रजी नर्सरीत काही महिने गप्प बसलं तर ते नवी भाषा ऐकून घेतंय. ‘घरात मराठी बंद करा’ हा सल्ला पुण्यात मिळो की न्यू जर्सीत, मानू नका. आई-बाबा ज्या भाषेत न अडखळता बोलतात, तीच मुलाला सर्वांत उपयोगी.

घरी रोज काय करायचं

रोज १०-१५ मिनिटं, टीव्ही बंद, मुलासमोर जमिनीवर. मूल ज्याला हात लावेल त्याबद्दल बोला. ‘हे काय आहे? म्हण, म्हण ना’ हे पूर्ण बंद. परीक्षा घेतली की मूल गप्प होतं. एक वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. हे सर्वांत अवघड जातं, कारण शांतता आपल्यालाच सोसवत नाही.

मराठीत एक सोय आहे. दोन शब्दांतही पूर्ण, शुद्ध वाक्य होतं, त्यामुळे तोडकं बोलायची गरज पडत नाही. खेळातली भांडी पाडत म्हणा: ‘पेला पडला. वाटी पडली. ताट पडलं.’ क्रियापदाचा शेवट जरा ठसवून. ज्या शेवटांत मुलं अडकतात तेच एका दमात तीनदा कानावर पडतात. मूल नुसतं ‘वाटी’ म्हणालं तर तुम्ही ‘वाटी पडली’. ते ‘वाटी पडला’ म्हणालं तर ‘हो, वाटी पडली’. चूक दाखवायची नाही, पुन्हा म्हणायला लावायचं नाही.

खाऊ मागायच्या आधी हातात देऊ नका. डबा घट्ट लावून समोर ठेवा, किंवा ‘केळं की बिस्कीट?’ असं दोन्ही दाखवून विचारा. नजर, बोट, अर्धा शब्द, काहीही आलं की लगेच द्या. पूर्ण शब्दासाठी अडवून धरलं तर रडणं शिकवलं जातं.

मोबाइल: भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दोन वर्षांखाली नाही (नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून), दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांबरोबर. मोबाइल बघून इंग्रजी रंग आणि आकडे घडाघडा म्हणणारं, पण पाणी मागता न येणारं मूल बोलतंय असं समजू नये.

कुठे जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी ताईंना मुलाचं नाव आधीच सांगून ठेवा. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खाजगी स्पीच थेरपिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा.

बरोबर न्या: शब्दांची वही, घरी खेळतानाचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, जन्माचे कागद, श्रवणचाचणीचा अहवाल. मुलाला आत घेऊन पालकांना बाहेर बसवतात तिथे जाऊ नका. आठवड्याचे दोन तास थेरपिस्टकडे, उरलेले सगळे तुमच्याकडे. फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं, जिभेला मध लावून ती फिरवणं यावरच सत्र संपत असेल तर थेट विचारा की याने शब्द कसे वाढणार. आणि पहिल्याच भेटीत लिहून घ्या: तीन महिन्यांनी मुलात नेमकं काय बदललेलं दिसायला हवं.