‘नाही’ची वही: ग्रंथालयातल्या नोंदी कर्मचाऱ्यांच्या हाती कशा द्याव्यात

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात आकड्यांना तोटा नसतो. दाखल नोंदवही, देवघेव रजिस्टर, वाचनकक्षातली सह्यांची वही, मागणी रजिस्टर, वर्गणीची पावतीपुस्तकं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आहे, ज्यावर अनुदान ठरतं तो ग्रंथालयाचा वर्ग टिकवायचा आहे, म्हणून हे सगळं लिहायचं आणि वर्षाअखेरीस अहवालात भरून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे धाडायचं. हे व्हायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी ग्रंथपाल म्हणून एवढे अहवाल भरले, त्यातला एखादा आकडा बघून आम्ही साधं एक कपाट हलवलंय असं काही आठवत नाही. कपाटं हलली ती वेगळ्या कागदांवरून. ते कागद आमचे शिपाईमामा आणि देवघेवीच्या टेबलावरच्या निर्गम सहायक ताई भरतात. ते कसे करायचे ते सांगते.

सुरुवात तक्ता छापून करू नका. ग्रंथपालानं घरी बसून दहा रकान्यांचा तक्ता आखला, झेरॉक्स काढल्या आणि सोमवारी वाटल्या, की बुधवारपर्यंत तो भरला जातो आणि शनिवारी एकाच पेनानं, एका बैठकीत उरलेला आठवडा भरून निघतो. तुम्हालाही ते ओळखू येतं, भरणाऱ्यालाही माहीत असतं, आणि दोघंही गप्प बसतात. त्यापेक्षा चहाच्या वेळी एकच विचारा: ‘दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?’ ताईंनी लगेच सांगितलं, लोक पुस्तक मागतात आणि मला नाही म्हणावं लागतं. मामा म्हणाले, उघडायच्या आधी लोक पायरीवर येऊन बसतात आणि मला कुलूप काढता येत नाही. झालं, दोन तक्ते मिळाले. ज्याचा वैताग, त्याचा तक्ता. आणि रकानेही त्यानंच पाडायचे.

ताईंच्या वहीवर जरा थांबते, कारण कुठलंही ग्रंथालय दुसरं काहीही न करता ही एक वही चालवू शकतं. मागणी रजिस्टर सगळीकडे असतं, पण त्यात वाचकानं स्वतः लिहायचं असतं, आणि लिहितो तो ठरलेला चिकाटीचा वाचक. बाकीचे ‘नाही का? बरं’ म्हणून निघून जातात. तेच निसटतं. म्हणून काउंटरवर शंभर पानी वही ठेवायची आणि तोंडून ‘नाही’ गेलं की एक ओळ लिहायची: तारीख, काय मागितलं, आणि पुढे तीनपैकी एक अक्षर. ‘वि’ म्हणजे आपल्याकडे नाहीच, विकत घ्यावं लागेल. ‘बा’ म्हणजे आहे, पण बाहेर गेलंय. ‘सा’ म्हणजे नोंदीत आहे, बाहेरही गेलेलं नाही, पण कपाटात सापडत नाही.

ही तीन अक्षरं वेगळी ठेवण्यातच सगळं आहे, कारण तिन्हींचे उपाय वेगळे. ‘वि’ची यादी ग्रंथखरेदीच्या बैठकीत जाते. आमच्या कार्यकारिणीत खरेदी म्हटली की प्रत्येकाच्या आवडीचा लेखक निघतो. वहीतली तीच ती नावं वाचून दाखवली की चर्चा आपोआप आवरते. ‘बा’ वारंवार येत असेल तर दुसरी प्रत घ्या, किंवा तेवढ्या पुस्तकाची मुदत आठवड्यावर आणा. दिवाळी अंकांच्या दिवसांत हे फारच उपयोगी पडतं: कोणत्या अंकासाठी रांग आहे आणि कोणते पडून आहेत हे डिसेंबरात कळलं, तर पुढच्या वर्षीची यादी तिथेच तयार होते. आणि ‘सा’ला एक पैसाही लागत नाही. पुस्तक चुकीच्या जागी लागलंय एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे हे ‘सा’ मराठी कादंबऱ्यांत, म्हणजे ८९१.४६३ या वर्गांकाच्या (पुस्तकाच्या विषयाच्या क्रमांकाच्या) कपाटांत दाटीनं दिसायचे. ताईंनीच कारण सांगितलं: पाठीवर वर्गांकाखाली लेखकाची फक्त दोन अक्षरं असल्यामुळे एकाच आडनावाचे चार लेखक एकमेकांत मिसळतात. तेवढ्या कपाटांपुरती लेबलं बदलली. अख्ख्या ग्रंथालयाची पडताळणी काढली असती तर महिना गेला असता.

वहीत वाचकाचं नाव लिहायचं नाही. गाव लहान असतं. कोणी मधुमेहावरचं पुस्तक मागतं, कोणी घटस्फोटाच्या कायद्यावरचं. काय मागितलं एवढंच हवं, कोणी मागितलं ते नको. ही वही काउंटरवर उघडी पडू देऊ नका.

मामांचा कागद त्याहून सोपा. पुठ्ठ्यावर लावलेला एक कागद, तासातासाचे रकाने, आत येणाऱ्या प्रत्येकासाठी एक उभी रेघ, पाचवी आडवी. एवढं कोणीही सुचवेल. पण मामांनी उघडायच्या वेळेआधीच्या अर्ध्या तासाचा एक रकाना स्वतःहून वाढवला. आत आलेल्यांच्या सह्या वहीत असतात. दार बंद बघून परत गेलेल्यांची नोंद कुठेच नसते. त्या रकान्यातल्या रेघा बहुतेक बाहेरगावच्या मुलींच्या होत्या. कॉलेज सुटल्यावर एसटी येईपर्यंतचा वेळ त्यांच्याकडे असायचा, आणि आम्ही उघडायचो तेव्हा त्यांची गाडी लागलेली असायची. संध्याकाळची वेळ अर्ध्या तासानं अलीकडे ओढायचा ठराव कार्यवाहांपुढे ठेवला, तेव्हा मी बोललेच नाही, कागद घेऊन मामांनाच उभं केलं. समितीतल्या मंडळींनी मामांना प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरं दिली. याचा परिणाम वेळ बदलण्यापेक्षा मोठा झाला, असं माझं मत आहे.

रोज मोजायचं मात्र नाही. मामांचा कागद तीन महिन्यांतून एक आठवडा पुरे. फक्त तो आठवडा परीक्षेचा, यात्रेचा किंवा सलग सुट्ट्यांचा नको. पगार आपल्याकडे जेमतेम, माणसं मोजकी. ज्याला झाडलोटीपासून पोस्टापर्यंत सगळं बघावं लागतं, त्याच्यावर वर्षभराची मोजणी लादणं बरं नाही. ‘नाही’ची वही तेवढी कायम चालू ठेवा, कारण ती ओळ लिहायला क्षण लागतो.

आता भीतीबद्दल. कागद पुढे आला की कर्मचाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, ‘आमचीच हजेरी घ्यायला काढलंय.’ हा संशय अगदीच वावगा नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कार्यवाहांसमोर बोलून टाका: या कागदांवर कर्मचाऱ्याचं नाव नसेल, आणि ‘नाही’ जास्त दिसले म्हणून कुणाला बोल लागणार नाही. उलट महिन्याभरात वही कोरी राहिली तर काळजी करा.

दुसरी अडचण आपल्या क्षेत्राची, जरा नाजूक. वर्ग आणि अनुदान आकड्यांवर अवलंबून, त्यामुळे आकडा चांगला दिसला पाहिजे असं वळण कुठे कुठे हाताला पडलेलं असतं. २०१२ साली महसूल खात्यानं राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हाची धावपळ जुन्या लोकांना आठवत असेल. ते वळण या कागदांत येऊ देऊ नका. त्यासाठी हे कागद अहवालाच्या फायलीत ठेवूच नयेत. वेगळी फाइल करा, वर लिहा ‘फक्त आपल्यासाठी’.

संगणक असेल तर त्याचाही उपयोग आहेच. कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असेल, तर गेल्या तीन वर्षांत एकदाही न गेलेल्या पुस्तकांची यादी निघते. पण ती यादी थेट बाद करण्याच्या प्रस्तावाला जोडू नका. आधी ताई-मामांना घेऊन कपाटापुढे उभे राहा. काही पुस्तकं घरी कोणी नेत नाही पण इथेच बसून वाचतात. टेबलावरून उचलून परत लावणाऱ्याला ती पाठ असतात. अशा पुस्तकांच्या आतल्या पानावर, टेबलावरून उचलताना, पेन्सिलीनं एक बारीक टिंब करायला सांगा. सॉफ्टवेअरला जे दिसत नाही ते टिंब सांगतं. काही पुस्तकं तर केवळ खालच्या फळीवर आहेत म्हणून पडून असतात. साठी ओलांडलेला वाचक वाकत नाही. खालच्या फळीतली वीसेक पुस्तकं छातीच्या उंचीवर आणा, महिन्याभरानं पुस्तकात चिकटवलेली देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी उघडून बघा. शिक्के पडले असतील तर दोष पुस्तकाचा नव्हता.

महिन्यातून एकदा, शनिवारी कामाच्याच वेळेत, अर्धा तास बसा. सुट्टीच्या दिवशी बोलावू नका. कागद ज्यानं भरला तो आधी बोलेल, ग्रंथपाल शेवटी. त्या बैठकीतून एकच बदल ठरवा. जास्त ठरवले की एकही होत नाही. काय ठरलं ते त्याच वहीत तांबड्या शाईनं लिहा, पुढच्या महिन्यात झालं की नाही तेही लिहा. आणि बाहेरच्या फळ्यावर दोन ओळी खडूनं: अमुक पुस्तकाची दुसरी प्रत आली, संध्याकाळी अमुक वाजता उघडू. वाचकही मग बिचकत नाहीत, न मिळालेलं पुस्तक आवर्जून सांगून जातात, आणि वही भरायला तेच मदत करतात.

एखाद्या कागदावरून दोन-तीन बैठकांत काहीच ठरलं नाही, तर तो बंद करा आणि भरणाऱ्याला तसं सांगा. आमच्याकडे ‘कोणतं वर्तमानपत्र किती जण वाचतात’ असा एक तक्ता होता. आम्ही सगळी वर्तमानपत्रं घेणारच होतो, मग मोजायचं कशाला? मामांनी विचारलं, आणि तो त्याच दिवशी थांबला.